घर विकून देणारे दोन एजंट : नऊ महिन्यांच्या अनुभवावरून

आईवडिलांचे घर विकायचे ठरले तेव्हा आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही घर विकण्याचा अनुभव नव्हता. बहुतेक माणसे आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर विकतात. एजंट मात्र तेच काम वर्षभर करत असतो, आणि व्यवहाराला बसताना आपल्याला वाटणारी धास्ती बव्हंशी या एका फरकातून येते. आम्ही नऊ महिन्यांत दोन एजंटांची सेवा घेतली. पहिल्यांच्या हातून घर विकले गेले नाही आणि त्यांच्याबरोबरचा चार महिन्यांचा करार आम्ही पुन्हा वाढवला नाही; दुसऱ्या बाईंनी ते विकून दिले. दोघांचीही नावे येथे देत नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नसून या सेवेचे मोल नेमके कशात आहे आणि तिच्याविषयी लोक जो संशय बाळगतात तो कितपत योग्य जागी आहे, हे अनुभवाच्या आधाराने लिहायचे आहे.

घर विकायचे आहे हे कळताच सल्ल्यांचा पाऊस पडला आणि त्यांतले बहुतेक सल्ले एजंटांपासून सावध राहण्याविषयीचे होते. मोठ्या भावाचे म्हणणे असे, की दोन माणसांची गाठ घालून देण्याचे इतके पैसे कशाला द्यायचे. मामांनी बजावले, की मनातली खरी किंमत एजंटला कधीही सांगायची नाही, कारण तो ती सर्वांत आधी खरेदीदाराला सांगतो. आपल्या भाषेत हा राग शब्दातच मुरलेला आहे. 'दलाल' हा अरबीतून आलेला शब्द मुळात केवळ मध्यस्थाचे काम सांगतो, पण आज कोणाला तोंडावर दलाल म्हटले तर त्याला तो अपमान वाटतो, म्हणूनच या व्यवसायातले लोक स्वतःला एजंट किंवा सल्लागार म्हणवून घेतात. ही भावना केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये इप्सॉस ही संस्था १९८३ पासून लोकांना विचारत आली आहे, की कोणत्या व्यवसायातली माणसे खरे बोलतात असे तुम्हाला वाटते. परिचारिका आणि डॉक्टर त्या यादीत वरच्या जागी असतात, राजकारणी तळाशी असतात आणि घरांचे एजंट तळापासून फार दूर नसतात. मात्र एक गोष्ट मी चौकशी करताना वारंवार पाहिली : 'एजंट सगळे सारखेच' असे म्हणणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या एजंटविषयी विचारले, की तो थबकून 'आमचा माणूस तसा बरा होता' असे सांगे. राग जातीवर असतो आणि अनुभव व्यक्तीचा असतो, हे तेव्हा मला पुरतेपणी उमगले नव्हते.

आम्ही तीन एजंटांना घर पाहायला बोलावले. तिघांनी तीन किमती सांगितल्या. त्यांतल्या दोन जवळजवळ सारख्या होत्या आणि तिसरी त्यांच्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त होती. ती सांगणारे गृहस्थ अतिशय आत्मविश्वासाने बोलत होते, त्यांनी आईच्या हातच्या बागेचे मनापासून कौतुक केले आणि 'असे घर बाजारात येतच नाही' असे सांगितले. आम्ही त्यांना काम दिले. एजंट मुद्दाम कमी किंमत सांगेल अशी सावधगिरी आम्हाला सगळ्यांनी शिकवली होती. तो मुद्दाम जास्त सांगेल, असे कोणीही बोलले नव्हते. पुढे कळले, की घर आपल्याच हाती यावे म्हणून किंमत फुगवून सांगायची, करारावर सही घ्यायची आणि काही आठवड्यांनी 'बाजार थंड आहे' म्हणत ती टप्प्याटप्प्याने खाली आणायची, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. विकणाऱ्याच्या कानाला जे गोड लागते तेच येथे आमिष असते. आमच्याही चुकीवर मला पांघरूण घालायचे नाही. दोन माणसे एक बोलत असताना आम्ही तिसऱ्याचे ऐकले, कारण आम्हाला तेच ऐकायचे होते.

एकदा उच्चारलेली किंमत डोक्यातून जात नाही, ही गोष्ट तर प्रयोगाने दाखवलेली आहे. नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एकच घर विद्यार्थ्यांना आणि व्यवसायातल्या एजंटांना दाखवले, सर्व तपशील सारखाच दिला, फक्त जाहिरातीतली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना मोठा आकडा सांगितला त्यांनी घराचे मोल जास्त ठरवले आणि ज्यांना लहान आकडा सांगितला त्यांनी कमी. एजंटही त्यातून सुटले नाहीत, आणि आपण त्या आकड्याकडे पाहिले हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी मान्य केले. आमच्या घरात त्या १५ टक्क्यांचे नेमके हेच झाले. पुढे आलेली प्रत्येक वाजवी किंमत आम्हाला त्या आकड्याच्या तुलनेत तोटा वाटू लागली, आणि ज्या पैशाला कधीच आधार नव्हता त्याचे दुःख आम्ही काही महिने वाहिले.

पहिल्या एजंटच्या प्रत्यक्ष कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छायाचित्रे संध्याकाळी, दिवे न लावता काढलेली होती आणि त्यांपैकी एकात मेजावरच्या आईच्या औषधांच्या बाटल्या दिसत होत्या. घर दाखवायला ते स्वतः दोनदा आले, नंतर एका तरुण सहकाऱ्याला पाठवू लागले. त्या बिचाऱ्याला पाण्याचा दाब कसा आहे, छप्पर कधी दुरुस्त केले, यांतले काहीच सांगितलेले नव्हते. सहाव्या आठवड्यात किंमत उतरवण्याचा पहिला सल्ला आला, अकराव्यात दुसरा, आणि करार संपता संपता आम्ही बाकीच्या दोन एजंटांनी सांगितलेल्या किमतीच्याही खाली पोहोचलो होतो. तोवर घराला आणखी एक दोष चिकटला होता. जे घर बराच काळ विकले जात नाही त्याच्यात काहीतरी खोट असणार, असे येणारा प्रत्येक जण धरून चालतो, कारण घराविषयीची आतली माहिती विकणाऱ्याकडे असते आणि घेणाऱ्याला बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधावा लागतो. विकाऊ घराकडे सर्वांत जास्त लक्ष पहिल्या काही आठवड्यांत जाते, आणि आमचे ते आठवडे चुकीच्या किमतीपायी वाया गेले.

मनाला सर्वांत लागलेली गोष्ट मात्र नंतर कळली. दुसऱ्या एजंटबरोबर घर पाहायला आलेल्या एका दांपत्याने सहज सांगितले, की आपण हेच घर काही महिन्यांपूर्वी पाहिले होते आणि एक किंमत देऊही केली होती. तो प्रस्ताव आमच्यापर्यंत आलाच नव्हता. तो का दडवला गेला हे मी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून तर्क लिहीत नाही. पण घर आमचे होते आणि नाही म्हणण्याचा अधिकारही आमचा होता. ब्रिटनमध्ये १९९१ च्या एका आदेशाने एजंटवर असे बंधन घातले आहे, की आलेला प्रत्येक प्रस्ताव त्याने विकणाऱ्याला विनाविलंब आणि लेखी कळवला पाहिजे. आम्ही सही केलेल्या करारात असे एकही वाक्य नव्हते आणि ते घालून घ्यावे हे आम्हाला सुचले नव्हते.

एजंटवरचा संशय चुकीच्या जागी पडतो असे मी म्हणते ते याच टप्प्यावर. लोकांना वाटते, की एजंट खोटे बोलतो आणि दलाली फार घेतो. खरी अडचण त्या दलालीच्या रचनेत आहे. समजा, घराची किंमत १०० आहे आणि दलाली २ टक्के आहे. आणखी महिनाभर थांबून, चार खरेदीदार जास्त आणून तेच घर १०५ ला विकता आले, तर विकणाऱ्याच्या हाती ४.९ जास्त पडतात आणि एजंटच्या हाती फक्त ०.१, त्यातूनही त्याच्या कार्यालयाचा वाटा जातो. महिनाभराची धावपळ, जाहिरातीचा खर्च आणि दरम्यान सौदा हातचा जाण्याची भीती हे सगळे त्याने एवढ्याशासाठी का सोसावे? त्याला लवकर विकणे परवडते आणि आपल्याला नीट विकणे परवडते. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातील सुमारे १ लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट जेव्हा स्वतःच्या मालकीचे घर विकतात तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त ठेवतात आणि तशाच इतर घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात, असे त्यात आढळले. म्हणजे थांबावे केव्हा हे त्यांना उत्तम समजते. दुसऱ्याच्या घरासाठी थांबणे मात्र त्यांच्या हिशेबात बसत नाही. यात कोणी लबाडच असावा लागतो असे नाही, बरा माणूसही नकळत त्याच उताराने चालू लागतो.

दलाली फार म्हणून एजंट गबर होतो, हाही समज मला आता तितकासा खरा वाटत नाही. चँग-ताय शे आणि एन्रिको मोरेटी यांनी अमेरिकेतल्या शहरांविषयी २००३ साली दाखवून दिले, की दलालीचा टक्का सगळीकडे जवळपास सारखाच राहत असल्याने जेथे घरे महाग होतात तेथे या धंद्यात माणसे वाढतात, प्रत्येकाच्या वाट्याला येणारी घरे कमी होतात आणि एकेकट्या एजंटची कमाई जवळपास होती तेथेच राहते. जास्तीचा पैसा नवे घर आपल्या हाती मिळवण्याच्या धडपडीत खर्च होऊन जातो. हे वाचले तेव्हा मला आमचे पहिले गृहस्थ समजले. आमचे घर मिळवण्यासाठी ते तीनदा आले, पाऊण तास बसले आणि रात्री दहाला फोन केला; ते विकण्यासाठी दोनदा आले. त्यांची मेहनत कमी नव्हती, ती सगळी सहीच्या अलीकडे संपली होती.

करार संपल्यावर भावाच्या आग्रहाने आम्ही सहा आठवडे स्वतःच घर विकून पाहिले. हा मार्ग मूर्खपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातील विक्रींवरचा, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की स्वतः घर विकणाऱ्यांना एजंटमार्फत विकणाऱ्यांपेक्षा कमी किंमत मिळाली नाही. वेळ मात्र जास्त लागला आणि त्यांतल्या काहींना शेवटी एजंटकडे जावेच लागले. आम्ही त्या काहींत मोडलो. जाहिरात दिल्यावर आलेल्या फोनांपैकी बरेचसे एजंटांचेच होते, काहींनी तर खरेदीदार असल्याचे भासवून चौकशी केली. पण आम्ही हरलो ते वेगळ्याच कारणाने. येणारा माणूस घर पाहताना दोष काढणारच, तो त्याचा हक्क आहे. पण कोणी आईच्या स्वयंपाकघराला अंधारे म्हटले, की दादाचा आवाज चढे. एका सभ्य गृहस्थाने वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाची भिंत पाडावी लागेल असे म्हटले आणि धाकटी बहीण उठून बाहेर गेली. आपण ज्या घरात वाढलो त्याचा भाव करणे ही आमच्या हातून होणारी गोष्ट नव्हती. मध्ये एक परका माणूस असण्याचे मोल मला त्या सहा आठवड्यांत कळले, आणि 'गाठ घालून देण्याचे पैसे' या हिशेबात ते कोठेच धरलेले नसते.

दुसऱ्या एजंटबाई आल्या तेव्हा त्यांनी किमतीचा विषय काढलाच नाही. आधी कागद मागितले. दोन कागदांवर घराचे क्षेत्रफळ वेगळे लिहिलेले होते, ते त्यांनी अर्ध्या तासात दाखवून दिले. पहिल्या गृहस्थांनी चार महिन्यांत ते कागद उघडलेही नव्हते. मग त्यांनी एक किंमत सांगितली, आणि ती कशावरून, हेही सांगितले : आसपासची तशीच घरे प्रत्यक्ष ज्या किमतीला विकली जाऊन नोंदली गेली, तिच्यावरून. जाहिरातीत कोण किती मागतो याला त्यांच्या लेखी काही अर्थ नव्हता. भावाने थोडे वर लावून पाहू असे सुचवले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही दुसरं कोणी पाहा, मला जमणार नाही." काम नाकारण्याची तयारी असलेला एजंट त्या सगळ्या काळात आम्हाला पहिल्यांदाच भेटला, आणि माझा विश्वास बसला तो त्या वाक्याने.

त्यांनी छायाचित्रे सकाळच्या उजेडात, पडदे उघडून काढून घेतली. घर दाखवताना आम्ही कोणीही तेथे थांबायचे नाही असे त्यांनी बजावले. दर शनिवारी कोण आले, काय म्हणाले, कोणी पुन्हा विचारले, याचा लेखी निरोप येई. त्यात घराविषयीची कडू मतेही जशीच्या तशी असत. पाचव्या आठवड्यात दोन प्रस्ताव आले. त्यांपैकी कमी किमतीचा प्रस्ताव घ्या असे बाई म्हणाल्या, तेव्हा मामांचे सगळे बोल आम्हाला आठवले आणि आम्ही त्यांच्याकडे संशयाने पाहिले, हे मी कबूल करते. त्यांनी कारण सांगितले : जास्त किंमत देणाऱ्याला आधी त्याचे स्वतःचे घर विकायचे होते आणि ते अजून बाजारातही आले नव्हते; कमी देणाऱ्याचे कर्ज बँकेने मंजूर केलेले होते. त्यांच्या घाईत त्यांचाही फायदा होता, हे वर मांडलेल्या हिशेबावरून उघड आहे. तरीही सल्ला योग्य होता असे मला वाटते, कारण निर्णयाला लागणारी सगळी माहिती त्यांनी आमच्यासमोर ठेवली आणि निर्णय आमच्यावर सोडला.

किंमत ठरली, विसार घेतला आणि आम्हाला वाटले की काम संपले. खरे काम तेथून सुरू झाले आणि ते अकरा आठवडे चालले. क्षेत्रफळातली तफावत दुरुस्त करून घ्यायची होती. बँकेच्या मूल्यांकनात घराची किंमत ठरलेल्या सौद्यापेक्षा कमी निघाली आणि खरेदीदाराने लगेच सूट मागितली. बाईंनी आधीच्या नोंदणीकृत विक्रींचे कागद बँकेच्या माणसापुढे ठेवले, मूल्यांकन पुन्हा पाहायला लावले, आणि मोठी सूट टळून एक लहानशी रक्कम कमी करण्यावर निभावले. मध्येच खरेदीदाराच्या वडिलांनी घराला ओल असल्याची शंका काढली, तेव्हा बाईंनी आपल्याच ओळखीचा नव्हे तर खरेदीदाराने निवडलेला तपासनीस आणायला सांगितले आणि ती शंका दोन दिवसांत मिटली. या अकरा आठवड्यांत सौदा किमान तीनदा मोडण्याच्या बेतात आला होता. सल्ला देणाऱ्या आमच्या आप्तांपैकी एकानेही या काळाविषयी अवाक्षर काढले नव्हते, कारण एजंटने काम नीट केले की या काळात काही घडल्याचे कोणाला दिसतच नाही. दलाली कशाची, असे मला आज कोणी विचारले तर मी या अकरा आठवड्यांची असे सांगेन.

दलालीवर भावाने घासाघीस केली. बाईंनी टक्का कमी केला नाही. मात्र अपेक्षेपेक्षा जास्त किंमत आली तर वरच्या रकमेवर दर वाढवून द्या आणि कमी आली तर मूळ दरही घटवा, हा माझा प्रस्ताव त्यांनी थोडा विचार करून मान्य केला. एजंटच्या घाईवर एवढा एकच उपाय विकणाऱ्याच्या हाती असतो आणि तो करारावर सही करण्याआधीच वापरावा लागतो.

आता त्यांच्या सेवेतला दोष, जो मी गंभीर मानते. खरेदीखताच्या दिवशी बोलण्याच्या ओघात कळले, की त्यांनी खरेदीदाराकडूनही मोबदला घेतला आहे. दोन्हीकडून दलाली घेणे अनेक ठिकाणी सर्रास चालते आणि ते लपवले नाही तर मला त्यात गैर दिसत नाही. पण माझ्या वतीने किंमत वाढवणारा आणि त्याच्या वतीने ती कमी करणारा माणूस एकच आहे, हे मला सौद्याच्या आधी कळायला हवे होते. कोण कोणाचे पैसे देतो हा प्रश्न क्षुल्लक नाही. अमेरिकेत विकणाऱ्याच्या पैशातून खरेदीदाराच्या एजंटचा मोबदला ठरवण्याच्या प्रथेवर मोठा खटला झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्युरीने निकाल विक्रेत्यांच्या बाजूने दिला, मार्च २०२४ मध्ये तेथील एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड करण्याचे ठरवले, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलून खरेदीदाराने घर पाहण्यापूर्वीच आपल्या एजंटशी लेखी करार करावा असे ठरले. मी बाईंना विचारले, की हे तुम्ही आधी का सांगितले नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाहीत." एवढ्या चोख कामानंतर हे उत्तर मला अपुरे वाटले, आणि मी ते त्यांना तसेच सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. त्या आठवड्यात आलेल्या हिशेबाच्या कागदावर दोन्ही बाजूंकडून घेतलेल्या रकमा त्यांनी स्वतःहून लिहिलेल्या होत्या.

पुन्हा घर विकण्याची वेळ आली, तर मी याच बाईंना बोलावेन. त्या कागद पाहायला बसतील तेव्हा त्यांच्यासमोर माझाही एक कागद असेल : प्रत्येक प्रस्ताव लेखी कळवावा, आणि खरेदीदाराकडून काही घेणार असल्यास ते आजच लिहून द्यावे.